टाटापॉवर म्हणजे कोणते गाव?

आमच्या महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये थोडा कान देऊन बसले, तर हल्ली एक नवीच बोली ऐकू येते. ‘टाटापॉवर होल्ड कर.’ ‘इन्फी डिपला उचलला.’ ‘निफ्टीचा पुट झोपला.’ ‘एस-बी-आय-एनला स्टॉप लॉस लावलास का?’ बोलणारे कोणी दलाल स्ट्रीटवरचे शेटजी नव्हेत. सकाळी म्हशीची धार काढून, डेअरीवर दूध घालून, पौडची एस.टी. पकडून पहिल्या तासाला कसेबसे पोहोचणारे आपलेच वर्गबंधू आहेत ते. मोबाईलवरून एकमेकांना धाडलेल्या निरोपांत तर याहूनही पुढची मजल गेली आहे. तिथे वाक्यच उरलेले नाही. एक चिन्ह, एक आकडा आणि वर किंवा खाली तोंड केलेला एक बाण, की झाला निरोप!

बरे, ही बोली शेअरपुरतीच राहिली असती, तर मी लेखणी उचलली नसती. पण ती आता माणसांपर्यंत आली आहे. दोन मित्रांचे भांडण झाले की ‘त्यांच्यात करेक्शन आले’. कोणाची हजेरी कमी भरली की ‘त्याला लोअर सर्किट लागले’. एखाद्या मुलीविषयी ‘ओव्हरव्हॅल्यूड आहे रे’ असा शेरा मारला जातो, आणि तो आम्हा मुलींच्या कानांवर येतोच; आमचे कँटीन काही फार मोठे नाही. शिवाय कला शाखेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘बी.ए.चा आर-ओ-आय किती?’ आर-ओ-आय म्हणजे घातलेल्या पैशावर सुटणारा परतावा. हा प्रश्न केवळ वाणिज्य शाखेचे विद्यार्थी विचारीत नाहीत. नातेवाईक विचारतात, आणि आता आपण स्वतःही स्वतःला विचारू लागलो आहोत.

यात गंमत आहे, हे मी नाकारीत नाही. तरुणांच्या बोलण्यात खट्याळपणा असायचाच. क्रिकेटने आपल्याला ‘विकेट पडली’, ‘गुगली टाकली’, ‘क्लीन बोल्ड’ असे कितीतरी शब्द दिले, आणि त्यावर कोणी अग्रलेख लिहिले नाहीत. मग शेअरबाजाराच्या शब्दांनीच काय घोडे मारले? असा प्रश्न कोणी विचारील, तर तो रास्त आहे. प्रस्तुत लेखात मला त्याचेच उत्तर शोधायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करते. मी भाषाशुद्धीची कैवारी नव्हे. इंग्रजी शब्द आले म्हणून मराठी बुडते, असे मला वाटत नाही. ‘बाजार’ हा शब्द फारसीतून आला, ‘दलाल’ आणि ‘वसूल’ अरबीतून आले. इतकेच काय, ज्या ‘जमिनी’साठी आपण भाऊबंदांशी भांडतो, तो शब्दसुद्धा फारसीच आहे. तो आपण इतका आपला केला, की त्याचे मूळ सांगितल्यावर आजोबांना खरे वाटत नाही. तेव्हा शब्द कोठून आला यावर माझा आक्षेप नाही.

तसेच प्रत्येक धंद्याला स्वतःची परिभाषा असावी, हेही मला मान्य आहे. आपल्या मुळशी खोऱ्यातील भातशेतीचेच उदाहरण घ्या. खाचर, बांध, राब, आवणी, वरकस, इर्जिक! पुण्याहून ताम्हिणीचे धबधबे पाहायला येणाऱ्या पाहुण्याला यांतला एक शब्दही कळणार नाही. परंतु राब म्हणणाऱ्याने पालापाचोळा आणि शेणी अंथरून रोपांची जागा भाजलेली असते. इर्जिक म्हणणाऱ्याला ठाऊक असते, की आज सगळी आळी माझ्या खाचरात उतरली, तर तिच्या जेवणाची सोय मी करायची आणि उद्या मी त्यांच्या खाचरात उतरायचे. त्या एका शब्दात सगळा व्यवहार साठवलेला आहे, आणि तो व्यवहार बोलणाऱ्याला पाठ आहे. क्रिकेटचेही तेच. ‘विकेट पडली’ म्हणणाऱ्याने विकेट पडताना पाहिलेली असते, आणि ऐकणाऱ्यानेही.

शेअरबाजाराच्या शब्दांचे मात्र आपल्याकडे उलटे झाले आहे. वस्तू पाहण्याआधी शब्द आला, आणि शब्द आला म्हणून वस्तू कळली असे आपण मानू लागलो. माझी तक्रार आहे ती एवढीच; पण ती लहान नाही.

ही चिन्हे आली कोठून, ते पाहण्यासारखे आहे. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलहन नावाच्या तारायंत्र जाणणाऱ्या गृहस्थाने एक यंत्र तयार केले. बाजारातले भाव तारेने येत आणि कागदाच्या अरुंद पट्टीवर छापले जात. छापताना यंत्र टिकटिक करी, म्हणून त्याचे नाव पडले ‘टिकर’. पुढे थॉमस एडिसननेही त्यात सुधारणा केली. पट्टी अरुंद, तार महाग आणि वेळ थोडा. कंपनीचे लांबलचक नाव छापीत बसले तर तोवर भाव बदलायचा. म्हणून नावे छाटली गेली. अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीला नुसते ‘एफ’ हे अक्षर मिळाले. म्हणजे हे आखूड चिन्ह ही यंत्राची गरज होती.

आपल्या मुंबईच्या बाजाराची सुरुवात तर वडाच्या झाडाखाली झाली. १८७५ साली दलालांनी आपली संघटना बांधली, तिचाच पुढे मुंबई शेअरबाजार झाला. तिथे व्यवहार ओरडून आणि हाताच्या खुणांनी चालत. त्या बाजाराची तेजी, मंदी, वायदा, सट्टा, बदला ही भाषा देशी होती आणि ती सामान्य माणसालाही अंदाजाने कळे. १९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजारात समभागांचे व्यवहार संगणकावर सुरू झाले, आणि प्रत्येक कंपनीला संगणकापुरते एक चिन्ह मिळाले. दहा अक्षरांत बसावे म्हणून हिंदुस्तान युनिलिव्हरचे झाले ‘हिंदुनिल्व्हर’, भारती एअरटेलचे ‘भारतीआर्टल’, अल्ट्राटेक सिमेंटचे ‘अल्ट्रासेम्को’. मुंबईच्या बाजाराने तर नावाऐवजी सहा आकडी क्रमांकच दिले. टाटा पॉवरचा क्रमांक आहे ५००४००. ‘सेन्सेक्स’ हा शब्दसुद्धा ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘इंडेक्स’ यांची मोडतोड करून तयार झालेला आहे, आणि त्याचे श्रेय दीपक मोहोनी या मराठी विश्लेषकाला दिले जाते.

यंत्राला जागा कमी म्हणून त्याने नाव छाटले, हे समजू शकते. परंतु कँटीनमध्ये चहाच्या कपामागे अर्धा तास घालवणाऱ्या आपल्याला असली कसली घाई आहे? आणि नाव छाटताना नावाबरोबर आणखी काय छाटले जाते?

याचे उत्तर शोधायला मुळशीच्या माणसाला लांब जावे लागत नाही. ‘टाटापॉवर’ हे चिन्ह आपले मित्र दिवसातून दहा वेळा उच्चारतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे, की ही कंपनी म्हणजे आपल्याच उशाला असलेले धरण? १९१९ साली ‘टाटा पॉवर कंपनी’ स्थापन झाली. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, ते पाणी घाट उतरवून कोकणात भिऱ्याला न्यायचे आणि त्यावर वीज करून ती मुंबईला पुरवायची, अशी योजना होती. जमीन संपादनासाठी सरकारने १८९४ चा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. सुमारे पन्नास गावांवर पाणी फिरणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यात पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. ‘जान किंवा जमीन’ हे त्या लढ्याचे ब्रीद होते. १९२४ पर्यंत लढा टिकला आणि मोडला. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

त्या विजेवर मुंबई चालली, हे खरे आहे, आणि कंपनी म्हणून तिने काय केले याचा हिशेब मी येथे मांडीत नाही. मला दिसते ते वेगळेच. त्या लढ्यातही दोन भाषा होत्या. ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांतल्या अनेकांची भाषा होती मोबदल्याची. एकरी किती, एवढेच त्यांना विचारायचे होते. जो मावळा ती जमीन कसत होता, त्याची भाषा होती गावाची, देवळाची आणि खाचराची. आकड्याच्या भाषेत त्याचे म्हणणे मांडताच येत नव्हते. शेवटी आकड्याची भाषा जिंकली. आणि आज शंभर वर्षांनी त्याच खोऱ्यातला, कदाचित त्याच बुडालेल्या गावातून वर येऊन वसलेल्या घरातला मुलगा म्हणतो, ‘टाटापॉवर दोन टक्के वर!’ त्याने शेअर घेऊ नये असे मी म्हणत नाही. उलट तो घ्यावा. ज्या कंपनीसाठी पणजोबांचे खाचर गेले, तिचा चिमूटभर भाग पणतूने घ्यावा, यात एक प्रकारचा न्यायच आहे. पण त्याला हे ठाऊक तरी असावे! चिन्हाने त्याच्यापासून नेमके तेवढे लपवून ठेवले आहे.

दुसरा अनुभव आपल्या आईवडिलांच्या पिढीचा. हिंजवडीला संगणक कंपन्यांचे उद्यान आले. हिंजवडी आणि माण ही आपल्याच तालुक्यातली गावे. ज्यांना आपण ‘इन्फी’, ‘टी-सी-एस’, ‘विप्रो’ म्हणतो त्यांच्या इमारती तेथेच उभ्या आहेत. भूगाव-पिरंगुटापासून पुढे जमिनीचे भाव चढत गेले, आणि एक नवी परिभाषा गावोगाव हिंडू लागली : एन.ए., सात-बारा क्लिअर, रोड टच, व्ह्यू प्लॉट. एकरात चाळीस गुंठे, आणि एकेका गुंठ्याचा भाव एकेका वर्षाच्या भातापेक्षा मोठा. ‘गुंठामंत्री’ हा शब्द तेव्हाचा. २०१८ साली आलेला प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे, तेव्हा त्या पैशाचे पुढे काय झाले ते मी वेगळे सांगायला नको. डोंगरापलीकडे दासवे येथे ‘लवासा’ उभे राहिले. तिथली भाषा तर ‘हिल सिटी’ आणि ‘लेकफ्रंट’ यांच्याखाली बोलायला तयार नव्हती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या वेळी ज्यांनी शब्दांवर भुलून पैसे गुंतवले, ते अजून शब्दच मोजीत आहेत.

म्हणजे परक्या परिभाषेने मुळशीच्या दाराशी येण्याची ही तिसरी खेप आहे. पहिल्या खेपेस ती सरकारी नोटिशीतून आली, दुसऱ्या खेपेस एजंटाच्या तोंडून आणि आता खिशातल्या मोबाईलवरून. फरक एवढाच, की पहिल्या दोन्ही वेळी ती बाहेरचा माणूस बोलत होता. आता ती आपण स्वतःच बोलतो, आणि बोलता येते याचा अभिमान बाळगतो!

आता पैशाकडे वळू. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींवर गेली. लोक बचत करून समभाग घेत असतील, तर ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या मित्रांच्या बोलण्यात समभाग थोडे आणि ‘कॉल-पुट’च फार असतात. या फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांची ‘सेबी’ने पाहणी केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. तोट्यातल्या माणसामागे सरासरी सुमारे २ लाख. या व्यवहारांत तिशीच्या आतल्या तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, आणि व्यवहार करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. पुढच्या वर्षीच्या पाहणीतही तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्के निघाले.

आकडे मोठे असले की मनाला भिडत नाहीत. आमच्या वाडीतला एक मुलगा पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. चार महिन्यांचा पगार त्याचा ‘बँकनिफ्टी’त गेला. मी त्याला विचारले, ‘तू नेमके काय विकत घेतले होतेस?’ तो म्हणाला, ‘कॉल.’ ‘कॉल म्हणजे काय?’ तर म्हणाला, ‘कॉल म्हणजे... वर जाणार वाटले की घ्यायचा तो.’ याच्यापुढे त्याला सांगता येईना. शब्द मात्र तो सफाईने उच्चारीत होता. एक्स्पायरी, प्रीमियम, स्ट्राइक, सगळे! त्याच्या तोंडी ते शब्द नसते, तर ‘मला यातले काही कळत नाही’ हे त्याला चार महिने आधी कळले असते. परिभाषेचा खरा धोका मला इथे दिसतो. अज्ञान उघडे असले तर माणूस जपून पाऊल टाकतो. अज्ञानाला झकपक अंगरखा चढवला की तो धावत सुटतो.

उलट बाजूचा अनुभवही सांगते. आमचे तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. शिक्षण चौथीपर्यंत, आयुष्य भातात गेलेले. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना हा ‘कॉल’ समजावून सांगायला बसले.

“तात्या, समजा एका कंपनीचा शेअर आज शंभर रुपयांना आहे. मी एकाला आत्ता तीन रुपये देते. महिनाअखेरीला मला हवा असेल तर त्याने तो मला शंभरालाच द्यायचा, मग भाव कितीही वाढो. नको असेल तर मी घेणार नाही. पण माझे तीन रुपये बुडाले.”

तात्या सुपारी कातरता कातरता थांबले. “आगं, मंग त्यो इसारच की! त्यात इंग्रजी काय आलं?”

“इसारच म्हणा.”

“आन् म्हैनाअखेर भाव न्हाई वाढला तर?”

“तर तीन रुपये गेले.”

“आन् दर म्हैन्याला न्हाई वाढला तर?”

“तर दर महिन्याला गेले.”

“मंग ज्यानं इसार घेतला त्यो शाना म्हनायचा,” तात्या म्हणाले. “आन् तुमची पोरं इसार देत्यात कुनाला? वळखतात का त्याला?”

बिनतोड प्रश्न! ज्याने जमिनीच्या इसारपावत्या पाहिल्या आहेत, एजंट थोडका इसार देऊन भाव बांधून घेतो, मुदतीच्या आत मोठे गिऱ्हाईक गाठतो आणि मधला फायदा खिशात घालतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला ‘ऑप्शन’ पाच मिनिटांत कळला. शिवाय समोरचा कोण, हा प्रश्नही त्यालाच सुचला. ‘सेबी’च्या त्याच पाहणीत त्याचे उत्तर आहे. २०२३-२४ या वर्षात, खर्च धरण्यापूर्वी, व्यक्तींनी सुमारे ६१ हजार कोटी गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी २८ हजार कोटी कमावले, तेही बहुतांशी संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या प्रणालींनी. इसाराच्या दुसऱ्या टोकाला असा पैलवान बसला आहे. आणखी एक भेद तात्यांच्या लक्षात आणून द्यावा लागला. जमिनीच्या इसाराखाली निदान जमीन असते. निफ्टीच्या इसाराखाली काहीच हातात यायचे नसते. फक्त आकड्यांतला फरक चुकता करायचा. त्यावर ते म्हणाले, “मंग ही पैज झाली.” मला वाटते, एवढी स्वच्छ व्याख्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

तेव्हा शब्द आपला असला की वस्तू उघडी पडते. आपला म्हणजे संस्कृतप्रचुरच असा अर्थ नव्हे. ‘समभाग’, ‘लाभांश’ हे शब्द रुळले, त्यांचे स्वागत आहे. पण प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या जागी एकेक जडजंबाल प्रतिशब्द बसवला तर लपवाछपवी तीच राहील, फक्त पडद्याचा रंग बदलेल. सरकारी आदेशातले मराठी वाचून ज्याला घाम फुटला आहे, त्याला हे पटेल.

माझ्या या म्हणण्यावर मित्रांचा एक आक्षेप आहे आणि तो मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, मराठी माणूस शेअरबाजारापासून दूर राहिला, म्हणून तो मागे पडला. आता कुठे खेड्यातली मुले ती भाषा बोलू लागली, तर तुम्ही त्यांना नाके मुरडता. शहरातल्या मुलांनी बोलले तर हुशारी आणि आम्ही बोललो तर थिल्लरपणा? या आक्षेपात दुखावलेपण आहे आणि ते खरे आहे. बाजाराची भाषा यावी, ही आकांक्षा मुळीच वाईट नाही. परंतु भाषा येणे आणि शब्द येणे यांत अंतर आहे. ताळेबंद वाचता येणे ही भाषा झाली. कंपनी काय विकते, तिच्यावर कर्ज किती, नफा कोठून येतो, हे सांगता येणे ही भाषा झाली. नुसते ‘मल्टीबॅगर आहे’ म्हणणे हा मंत्र झाला. मंत्राला अर्थ कळावा लागत नाही, आणि म्हणूनच तो विकणाऱ्याच्या सोयीचा असतो.

मोठमोठ्यांनाही या मंत्राने फसवले आहे. १९९२ साली उघडकीस आलेले हर्षद मेहता प्रकरण आठवावे. ए-सी-सी या सिमेंट कंपनीचा शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० पर्यंत गेला, तेव्हा त्याचे समर्थन एका भारदस्त शब्दाने केले जात होते. तो शब्द म्हणजे ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’. तसाच कारखाना आज नव्याने उभारायचा झाला तर जो खर्च येईल, त्यावरून शेअरचा भाव ठरवायचा. शब्द भारदस्त होता म्हणून शिकलेली माणसे गप्प बसली. एखाद्या सिमेंट विक्रेत्याने साध्या मराठीत विचारले असते, ‘अहो, पण पोत्यामागे सुटतात किती?’ तर कदाचित बऱ्याच जणांची शुद्ध लवकर परतली असती.

राहता राहिली माणसांना लावलेली ही परिभाषा. मैत्रिणीला ‘ओव्हरव्हॅल्यूड’ म्हणणाऱ्याला वाटते, आपण विनोद केला. पण भाव म्हटला की विकत घेणारा आला आणि विकणाराही आला. लग्नाच्या बाजारात मुलीचा भाव करण्याची चाल मोडायला आपल्या आया-आज्या किती झगडल्या! आता तीच चाल इंग्रजी नाव घेऊन कँटीनमध्ये शिरते आहे, आणि आपण हसतो आहोत. मित्राच्या संकटाला ‘करेक्शन’ म्हटले की त्याच्या घरी जाण्याची गरज उरत नाही. करेक्शन आपोआप भरून येते, अशी बाजाराची श्रद्धाच आहे. माणसाचे तसे नसते.

आणि बी.ए.चा आर-ओ-आय? या प्रश्नाला मी पळवाट काढणार नाही. पदवी घेऊन नोकरी मिळेल का, ही काळजी मलाही आहे. घरचे पैसे लागले आहेत, त्यांचा हिशेब मला द्यायचा आहे. ‘नोकरी कोणती मिळेल?’ असे सरळ विचारले तर मी सरळ उत्तर देईन. परंतु आर-ओ-आय म्हटले की ज्याचे रुपये होत नाहीत ते शून्य ठरते. मुळशी सत्याग्रहाची हकिगत आज आपल्याला कळते, ती विनायकराव भुस्कुट्यांनी ती लिहून ठेवली म्हणून. आणि पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र व्होरा यांनी जुनी कागदपत्रे चाळून तिचा अभ्यास केला म्हणून. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली आला, तेव्हा जगाला कळले की धरणाविरुद्धचा इतका जुना संघटित लढा मुळशीत झाला होता. हे कला शाखेचे काम आहे. त्यावर किती टक्के परतावा सुटला? भाव दाखवणाऱ्या पाटीवर ते दिसणार नाही. पण ते काम झाले नसते, तर ‘टाटापॉवर’ या चिन्हाच्या खाली एक खोरे बुडालेले आहे, हे खुद्द त्या खोऱ्यातल्या मुलांनाही कळले नसते.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक सूचना करते. आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात दर आठवड्याला एक कोपरा या शब्दांसाठी ठेवावा. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी वस्तू समजावून सांगावी आणि मराठी विभागाने ती घरच्या भाषेत उतरवावी. कसोटी एकच असावी : लिहिलेले आपल्या आईला किंवा काकांना वाचून दाखवले, तर त्यांना त्यावर एखादा प्रश्न विचारता आला पाहिजे. त्याच कोपऱ्यात एका चिन्हाची माहितीही द्यावी. त्या कंपनीचे पूर्ण नाव काय, ती करते काय, तिचा कारखाना किंवा धरण कोणत्या गावी आहे, आणि तिथे पूर्वी काय होते. आपल्या तालुक्यापुरतीच यादी केली तरी वर्ष पुरेल. सरांनी परवानगी दिल्यास पहिल्या आठवड्याचे ‘कॉल आणि इसार’ हे टिपण मी लिहून देते. तात्यांनी ते आधीच तपासले आहे. ‘पुट’, ‘मार्जिन’ आणि ‘स्टॉप लॉस’ हे शब्द ज्यांच्या तोंडी रोज असतात, त्यांनी ते आपापसांत वाटून घ्यावेत.